पान मिटल्यावर

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. संयोजकांनी पत्रात लिहिलं होतं की त्या शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्या काळात घरात एक विषय सोडून सगळ्यावर बोलणं होत असे. आज त्या एका विषयावर बोलायचं आहे. पत्रिकेवर 'वृद्धनिवासातील अखेरचा काळ आणि कुटुंबीयांशी संवाद' असं भारदस्त नाव छापलंय. घरगुती भाषेत सांगायचं तर, म्हातारं माणूस जायला लागलं की आपण एकमेकांशी काय बोलतो, आणि काय बोलायचं राहून जातं.

मी डॉक्टर आहे. माहेर तंजावरचं, म्हणजे व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ तिकडे गेलेल्या आणि तिकडच्याच होऊन राहिलेल्या मराठी माणसांपैकी मी एक. आमच्या घरातली मराठी तुम्हाला अर्धी कळेल आणि उरलेल्या अर्धीवर तुम्ही हसाल. शिकायला पुण्यात होते म्हणून तुमच्याशी अशी बोलू शकते. सध्या तिरुवलंचुळीला एका लहानशा वृद्धनिवासात मी आठवड्यातून तीनदा जाते.

तिरुवलंचुळी कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. 'वलम्' म्हणजे उजवीकडे आणि 'चुळि' म्हणजे भोवरा. कावेरी इथे उजवीकडे वळते म्हणून हे नाव. कथा अशी सांगतात की नदी इथे एका विवरात शिरून नाहीशी झाली. राजानं किंवा ऋषीनं आत उडी घेतली तरच ती बाहेर येईल असं ठरलं, आणि हेरंड नावाचे ऋषी आत उतरले. इथे भाषण करणाऱ्या कुणालाही या कथेतून रूपक काढायचा मोह होतो. मी तो आवरते, कारण माझ्या वृद्धनिवासात कुणी ऋषी नाही. निवृत्त पोस्टमास्तर आहेत, शाळेच्या बाई आहेत, एक जण रेल्वेत गार्ड होते.

देऊळ कपर्दीश्वराचं असलं तरी गर्दी असते ती त्याच आवारातल्या पांढऱ्या गणपतीपुढे. तिथल्या दगडी जाळीची ख्याती अशी, की जुने पाथरवट काम घेतानाच सांगून टाकायचे म्हणतात, 'तिरुवलंचुळीची जाळी सोडून काय हवं ते मागा.' गणपती वीतभर असेल. समुद्रमंथनाच्या वेळी इंद्रानं तो समुद्राच्या फेसाचा केला अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला अभिषेक नाही. दूध नाही, पाणी नाही, पंचामृत नाही. त्याच्यावर फक्त कापराची पूड घालतात. फेसावर पाणी ओतलं तर देवच उरायचा नाही. माझी आजी मला तिथे न्यायची तेव्हा मला त्या गणपतीची कीव यायची, 'बिचाऱ्याला आंघोळच नाही!' पुढे मरणाच्या दारातल्या माणसांना सलाईन लावायची वेळ आली तेव्हा हा देव फार वेळा आठवला. त्याबद्दल नंतर बोलते.

आधी आमच्या वृद्धनिवासातल्या आक्कांची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय शहाऐंशी. हृदय थकलेलं, मूत्रपिंडं त्याहून थकलेली. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूला. आमच्याकडे रोज केळीचं पान असतं. त्या मुलखात पानं स्वस्त, आणि ताटं घासायला माणूस महाग. तुमच्यापैकी जे तमिळ घरात जेवले असतील त्यांना ठाऊक असेल, की जेवण झालं की पान आपल्या बाजूला मिटायचं. पान मिटलं की वाढपी पुढे जातो. मिटलेल्या पानावर कुणी भात वाढत नाही, आग्रह करत नाही, 'अजून एक मूद' म्हणत नाही. यजमानसुद्धा नाही.

आक्का त्या वर्षी आषाढापासून दोन घासांतच पान मिटायला लागल्या. दहीभाताचे दोन घास, आणि पान बंद. माझ्या वहीत नोंद आहे, 'भूक कमी. टॉनिक.' डॉक्टर झाल्यावर माणसाला पान दिसेनासं होतं, त्याला भूक कमी झालेली दिसते.

कार्तिकात एका रात्री दोन वाजता त्यांना दम लागला. परिचारिकेनं मला फोन केला, मी मुलाला केला. त्याच्याकडे दुपार होती, तो कुठल्याशा मीटिंगमधून उठून बाहेर आला होता. मी त्याला सगळं नीट, शास्त्रशुद्ध सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तर मग, काय ठरवता तुम्ही?"

तो म्हणाला, "सगळं करा, डॉक्टर. जे जे शक्य असेल ते सगळं."

दुसरं तो काय म्हणणार होता? हजारो मैलांवर उभ्या असलेल्या मुलाला, आईचा श्वास अडकलेला असताना, फोनवर कुणी 'काय ठरवता' विचारलं तर 'काही करू नका' हे शब्द कोणाच्या तोंडून निघतील? रुग्णवाहिका आली. एका मोठ्या इस्पितळात आक्का नऊ दिवस होत्या. घशात नळी, नाकात नळी, आणि त्या नळ्या उपसतात म्हणून दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेली. मुलगा सातव्या दिवशी पोचला. त्यानं पहिल्यांदा पाहिली ती मनगटं. नवव्या दिवशी त्या गेल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं आमची आया ऑफिसात कॉफी घेऊन आली. तंबलर ठेवून ती दाराशीच घुटमळली. मग म्हणाली, "डॉक्टरम्मा, पाट्टींनी मला कधीच सांगितलं होतं. आवणी महिन्यात. 'मी पान मिटलंय, आता मला वाढू नका. आणि इथून कुठे हलवू नका.' मला म्हणाल्या, 'पोदुम्.'" पाट्टी म्हणजे आजी, आवणी म्हणजे साधारण श्रावण-भाद्रपद, आणि पोदुम् म्हणजे पुरे.

मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

मुलगा क्रियाकर्म आटोपून परत जाताना मला भेटायला आला होता. "मी चुकलो का?" एवढंच त्यानं विचारलं. त्याला मी जे सांगितलं तेच आज मुख्यतः तुम्हाला सांगायला आले आहे. तो चुकला नव्हता, प्रश्न चुकला होता, आणि तो मी विचारला होता. 'तुम्ही काय ठरवता' असं विचारून मी त्या पोराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं. समोर आई, आणि शिक्षा यानं सुनवायची. मला विचारायला हवं होतं, "आक्का आत्ता शुद्धीवर असत्या आणि हे सगळं त्यांना दिसत असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या?" असं विचारलं की मुलगा न्यायाधीश राहत नाही, तो आईचा निरोप्या होतो. निरोप्याला रात्री झोप लागते. आणि हा प्रश्न विचारला की माणसं खरोखर आठवू लागतात. बाबा एकदा शेजारच्या काकांना बघून आले तेव्हा काय म्हणाले होते, आईनं मावशीच्या वेळी काय ऐकवलं होतं. निरोप बहुतेक घरांत ठेवलेला असतो, तो आणायला कुणी जात नाही.

आणि पुष्कळदा तो घरातल्या माणसापाशी नसतोच. अरुणा शानभाग तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या केईएममधली परिचारिका. १९७३ च्या नोव्हेंबरात तिच्यावर हल्ला झाला, आणि ती १८ मे २०१५ ला गेली. जवळजवळ बेचाळीस वर्षं ती केईएममध्येच अंथरुणावर होती. तिच्यासाठी दयामरण मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये फेटाळली. त्या निकालाची चर्चा कायद्याच्या अंगानं खूप झाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अरुणेच्या वतीनं बोलायचं कुणी, असा प्रश्न न्यायालयापुढे होता, आणि न्यायालयानं तो मान तिला वर्षानुवर्षं न्हाऊमाखू घालणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. निकालाशी तुम्ही सहमत असा वा नसा, जो अंग पुसतो त्याला माणूस कळतो, एवढं त्या न्यायमूर्तींनी ओळखलं. आमच्याकडे आता कुटुंबाबरोबर बैठक असली की आया खुर्चीवर बसलेली असते. पहिल्या बैठकीत ती बसायला तयार नव्हती, उभीच राहिली होती.

आता थोडं तंजावरला येऊ. मला आवडतं म्हणून सांगते असं समजा, पण विषय सोडून नाही.

तंजावरात श्वार्ट्‌झचं चर्च म्हणून एक चर्च आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हे जर्मन मिशनरी, सरफोजीराजांचे गुरू आणि पाठीराखे. ते १३ फेब्रुवारी १७९८ ला वारले. सरफोजी तेव्हा अजून गादीवर बसले नव्हते, त्याच वर्षी जूनमध्ये बसले. पुढे त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते या चर्चमध्ये आहे. पलंगावर म्हातारा श्वार्ट्‌झ, उशाशी दुसरा पाद्री, जवळ शाळेतली मुलं, आणि शेजारी उभा असलेला भोसल्यांच्या कुळातला राजा, पागोटं घातलेला. त्यानं मरणाऱ्याचा हात हातात धरला आहे.

फ्लॅक्समन काही तंजावरला आला नव्हता, शिल्प ऐकीव माहितीवर केलेलं आहे. पण श्वार्ट्‌झच्या अंत्यविधीची एक हकीकत नोंदलेली आहे. सरफोजींना शेवटचं तोंड बघायचं होतं, म्हणून दफन थोडा वेळ थांबवलं. ते आले, रडले, आणि कबरीपर्यंत चालत गेले. 'तोंड बघणं' हा आपला किती जुना शब्द आहे बघा. परधर्मीयाच्या शवपेटीचं झाकणसुद्धा त्यासाठी थांबलं.

याच सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला आपल्या छत्रांबद्दल पत्र लिहिलं. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्र आणि धर्मशाळा. सरफोजींच्या छत्रांत ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र मोठं. पत्रात ते सांगतात की वाटसरू आजारी पडला तर वैद्य आणि औषध मिळतं, पथ्याचं जेवण मिळतं, आणि तो मेला तर त्याच्या त्याच्या जातीरीतीनं त्याचे संस्कार होतात. माणूस ज्या यादीत जेवत होता त्याच यादीत त्याचं मरणही होतं. आमच्या वृद्धनिवासाच्या माहितीपत्रकात टीव्ही, फिजिओथेरपी, देवळाची सहल सगळं आहे. मरणाचा शब्द नव्हता. तो घालावा असं मी सुचवलं तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "डॉक्टर, मग ॲडमिशन कोण घेईल?" अखेर 'शेवटपर्यंत सोबत' असे दोन शब्द घातले. ॲडमिशन्स कमी झाल्या नाहीत.

भाषेचं म्हणाल तर आपल्या दोन्ही भाषा इथे सारख्याच भित्र्या आहेत. घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तमिळ माणूसही 'पोयिट्टु वरेन्' म्हणतो, जाऊन येतो. नुसतं 'जातो' म्हणणं दोन्हीकडे अशुभ. ही भीती मला तुच्छ वाटत नाही, तिच्यात माया आहे. पण दवाखान्यात तिचा घोळ होतो. डॉक्टर म्हणतात, 'घरी न्या, आता सेवा करा.' डॉक्टरांच्या मनात असतं की थोडे दिवस उरलेत. ऐकणारा समजतो की बरं वाटतंय, सुट्टी दिली. किंवा उलट, हात झटकले असं समजतो. दुसरं वाक्य त्याहून वाईट, 'आता करण्यासारखं काही नाही.' हे साफ खोटं आहे. दुखणं थांबवता येतं, धाप कमी करता येते, तोंड ओलं ठेवता येतं, कूस बदलता येते. मॉर्फीन आपल्या देशात पिकणाऱ्या अफूपासून होतं, ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्तीही झाली. तरीही कर्करोगाचा रोगी कण्हत असतो आणि आपण त्याला क्रोसिन देतो. म्हणून मी सरळ म्हणते, "आई आता बऱ्या होणार नाहीत. मला वाटतं दिवस थोडे आहेत. आम्ही इथेच आहोत." तीन वाक्यं, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मला ते यायला दहा वर्षं लागली.

सगळ्यात मोठं भांडण होतं ते जेवणावरून. आई खात नाही म्हणून खंगत चाललीय असं मुलांना वाटतं. शेवटच्या टप्प्यात गोष्ट उलटी असते. शरीर आवरायला घेतं म्हणून अन्न नको होतं. अशा वेळी नाकातून नळी घालून पातळ अन्न सोडलं तर ते वर येऊन श्वासनलिकेत जायची भीती असते. सलाईनचंही तसंच. थकलेलं हृदय आणि मूत्रपिंडं ते पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. ते पायांत उतरतं, फुप्फुसात साठतं, आणि जी धाप कमी करायची तीच वाढते. इथे मी मुलांना पांढरा गणपती सांगते. त्या गावातल्या माणसाला तो दोन मिनिटांत पटतो. सेवा म्हणजे ओतणंच असं नाही. चमचाभर पाणी, ओठांना तूप, ओल्या कापसानं जीभ पुसणं हीही पूजाच.

आणि 'घरघर'. मराठीत हा शब्द इतका नेमका आहे की वैद्यकाला वेगळा शब्द शोधायला नको. घशात साठलेली लाळ गिळायचं त्राण राहत नाही, श्वासाबरोबर ती वाजते. ऐकणाऱ्याचा थरकाप होतो, पण त्या वेळी माणूस बहुधा इतका खोल ग्लानीत असतो की त्याला स्वतःला ती जाचत नाही. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. श्वास मध्येच थांबतो, अर्धा मिनिट काही नाही, आणि पुन्हा सुरू होतो. पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. हे सगळं नातेवाइकांना आदल्या दिवशी सांगायचं. आदल्या दिवशी सांगितलं तर ती माहिती असते, त्या घटकेला सांगितलं तर नुसती घबराट.

लांबच्या लेकरांबद्दल एक गंमत सांगते. १९९१ साली वैद्यकाच्या एका नियतकालिकात 'कॅलिफोर्नियाची लेक' या नावानं एका लक्षणसमूहाचं वर्णन आलं. जवळची माणसं आजाऱ्याच्या जाण्याला तयार झालेली असतात, तोवर लांबून ही लेक विमानानं येते आणि 'हे काय चालवलंय' म्हणत सगळं उलटं फिरवते. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे हिलाच 'न्यूयॉर्कची लेक' म्हणतात. आमच्याकडे बहुतेकदा तो न्यू जर्सीचा मुलगा असतो. हसा, पण त्याला दुष्ट ठरवू नका. त्यानं आईला शेवटचं पाहिलं ते दीड वर्षापूर्वी, पुरणपोळी लाटताना. त्याची आई अजून तीच आहे. म्हणून आम्ही त्याला दर पंधरवड्यानं व्हिडिओवर घेतो. आणि फक्त बोलणं नाही, अंथरूण, पाय, जेवणाचं पान, सगळं दाखवतो. त्यालाही पान मिटताना दिसलं पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येईल असं सांगितलं. त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती की फारसं कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. आपल्या वतीनं बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात घालायची. पुढे वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. ३१ मे २०२४ ला गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी ही कागदपत्रं सांभाळायची कुणी यासाठी उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. म्हणजे वाट मळायला लागली आहे.

पण मला एक धास्ती आहे, ती न सांगता खाली बसणं अप्रामाणिक होईल. 'पुरे' हा शब्द म्हाताऱ्यानं म्हणायचा असतो, घरच्यांनी त्याच्या वतीनं घाईनं नाही. आमच्याच राज्यात दक्षिणेकडच्या काही भागांत 'तलैकूत्तल' नावाची रीत होती. म्हाताऱ्याला तेलानं न्हाऊ घालायचं, शहाळ्याचं पाणी पाजायचं, आणि तो दोन दिवसांत जावा अशी व्यवस्था करायची. २०१० च्या सुमारास त्यावर वर्तमानपत्रांत बरंच आलं. तिथेही सगळे प्रेमानंच वागत होते म्हणे. म्हणून बैठकीत मी पैशाचा विषय स्वतः काढते. आयसीयूचा रोजचा खर्च, जमीन, घर, कोण किती देतो, सगळं. पैसा टेबलावर ठेवला नाही तर तो टेबलाखालून बोलतो, आणि मायेचा आवाज काढून बोलतो. आणि दुसरं, म्हातारं माणूस शुद्धीवर असेल तर त्याला वगळून बैठक नाही. 'त्यांना सांगू नका, हाय खातील' असं मुलं म्हणतात. मी म्हणते, विचारू तरी, किती ऐकायचंय ते. आमचे गार्डसाहेब म्हणाले होते, "पोरांना सांगा. मला गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी सांगा." तसंच केलं.

संयोजकांना सांगून मी दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवले आहेत. त्यांवर छापील काही नाही, कोरे आहेत. एकेक घरी न्या. घरात जे सगळ्यांत वडील असतील त्यांना, ते धडधाकट असतानाच, चहाच्या वेळी विचारा आणि पहिली ओळ त्यांच्याच हातची लिहून घ्या. कामाला बाई येत असेल तर तिलाही बसवून घ्या. नोटरीचं पुढच्या आठवड्यात बघता येईल.